कंसातली नावं: शिर्डीतलं एक रो-हाऊस आणि त्याच्या आधीचे मालक

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे काय ना" थोडे कमी केलेत.

विषय घराचा आहे. शिर्डीच्या कडेला, जिथे शिर्डी संपते आणि शेजारच्या गावची शिव लागते, तिथे एक रो-हाऊस आमच्या पप्पांना आवडलं. खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, पुढे एक गाडी बसेल एवढी जागा. पप्पांची रिटायरमेंट जवळ आली आहे, मी पुण्यात, बहीण सासरी. पप्पा म्हणाले, "गावाकडं एक घर पाहिजे, अन् शिर्डीत पाहिजे." कारण शिर्डीत आमचं घर होतं. मंदिराच्या मागच्या बोळात, धाब्याचं, दोन खोल्या आणि पुढे ओसरी. मी शाळेत जायच्या आधीच ते विकलं गेलं. आज तिथे चार मजली लॉज आहे. दर वेळी तिथून जाताना पप्पा चालण्याचा वेग वाढवतात.

तर एजंटने फाईल दिली आणि पप्पांनी ती मला दिली. "तू इंजिनिअर आहेस ना, बघ." बीटेक कम्प्युटरचा आणि जमिनीच्या कागदांचा काय संबंध, हे मी दहा वर्षं नातेवाईकांना समजावतोय. पण या वेळी फाईल उघडली आणि पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपल्याच धंद्यातलं आहे.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा: जमीन कोणाची आणि त्यात काय पिकतं. पण सातबारा म्हणजे फक्त आजची स्थिती. ती तशी कशी झाली ते फेरफारात असतं. गाव नमुना सहा. कोणी वारलं, कोणी विकलं, वाटणी झाली, बोजा चढला, बोजा उतरला, प्रत्येक बदलाला एक नंबर, तारीख, कारण आणि खाली अधिकाऱ्याची सही. जे कोड लिहितात त्यांना सांगतो, ही सरळ सरळ कमिट हिस्टरी आहे, फक्त गिटच्या शंभर वर्षं आधीची. आणि जुन्या मालकाचं नाव खोडून गायब करत नाहीत. त्याला कंस करतात. नाव तिथेच राहतं, कंसात. गावात म्हणतातसुद्धा, "त्याच्या नावाला कंस पडला."

मी त्या गटाचे फेरफार मागे मागे वाचत गेलो. मागे जाता जाता अख्ख्या परिसराची गोष्ट लागली, म्हणून आधी ती सांगतो. रो-हाऊसवर परत येऊच.

शिर्डी म्हटलं की आपल्याला रांग, प्रसादालय आणि पार्किंग आठवतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे कोपरगाव तालुक्यातलं एक छोटं खेडं होतं. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली आणि शिर्डीला यायचं तर कोपरगावला उतरून टांगा करायचा. आज आपण जिथे तासनतास उभे राहतो तिथे तेव्हा एक पडकी मशीद होती, एक कडुनिंब होता, एक चावडी होती. चावडी म्हणजे गावाचं ऑफिस. सारा तिथे जमा व्हायचा, गावाचं बोलणं तिथे व्हायचं. साईबाबा एक दिवसाआड जिथे झोपायचे ती जागा मुळात महसूल खात्याच्या कामाची होती, हे मला या सगळ्या वाचनात पहिल्यांदा डोक्यात शिरलं. ज्या माणसाच्या नावावर एक गुंठाही नव्हता तो रात्री गावाच्या दप्तराच्या जागेत झोपायचा.

लोक यायला लागले तेव्हा प्रश्न आला राहायचा. गावात लॉज सोडा, धर्मशाळाही नव्हती. या प्रश्नातून शिर्डीतले तीन वाडे उभे राहिले आणि माझ्या मते शिर्डीच्या रिअल इस्टेटची सुरुवात तिथेच झाली. (पप्पांना हे वाक्य आवडलेलं नाही. ठेवतोय.)

पहिला साठे वाडा, 1908. हरी विनायक साठे हे सरकारी नोकरीतले, डेप्युटी कलेक्टर, रावबहादूर. त्यांनी त्या कडुनिंबाभोवतीची जागा घेतली आणि वाडा बांधला. साठ्यांच्या आठवणींत एक गोष्ट येते की बाबांनी त्यांना गावकुसाची भिंत पाडून बांध असं सांगितलं. यात चमत्कार वगैरे नाही, पण मला ही ओळ फार इंटरेस्टिंग वाटते. गावकूस म्हणजे गावाची हद्द. बाहेरच्या माणसाने येऊन घर बांधायचं तर पहिली गोष्ट काय करावी लागली, तर गावाची भिंत फोडावी लागली. योगायोग बघा, आजही ज्या कायद्याखाली आपण खरेदीखत नोंदवतो तो नोंदणी कायदा पण 1908 चाच.

वाड्यात साठ्यांचे सासरे दादा केळकर राहायचे. बाहेरून आलेले पाहुणे तिथे उतरायचे. अमरावतीचे वकील आणि टिळकांचे सहकारी गणेश श्रीकृष्ण खापर्डे 1910 च्या डिसेंबरमध्ये शिर्डीला आले आणि पुढच्या वर्षी परत येऊन मार्च 1912 पर्यंत राहिले. त्यांनी रोजची डायरी लिहिली. त्यात आध्यात्मिक काय आहे ते बाजूला ठेवा. कोण कधी आलं, कोण कुठे जेवलं, कोण आजारी होतं, हे सगळं त्यात आहे. त्या काळच्या शिर्डीच्या वस्तीबद्दल याच्याइतकं ताजं, त्याच दिवशी लिहून ठेवलेलं साधन मला तरी दुसरं सापडलं नाही.

दुसरा दीक्षित वाडा. हरी सीताराम दीक्षित, म्हणजे काकासाहेब, मुंबईचे सॉलिसिटर, विलेपार्ल्याला बंगला. लंडनमध्ये झालेल्या अपघातात पाय दुखावलेला. 1909 च्या नोव्हेंबरमध्ये ते पहिल्यांदा शिर्डीला आले. आधी साधी पत्र्याची शेड टाकायचा विचार होता म्हणतात, मग वाडाच बांधायचं ठरलं. 9 डिसेंबर 1910 ला पाया घातला आणि 1911 च्या रामनवमीला गृहप्रवेश. चार महिन्यांत घर! आत्ताच्या बिल्डरला विचारा, पझेशन कधी, तो दोन दिवाळ्या सांगतो. हा वाडा अजून आहे, तिथे संग्रहालय आहे. पुढच्या वेळी गेलात तर दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पळू नका, दहा मिनिटं तिथे थांबा.

तिसऱ्या वाड्यात तर तुम्ही सगळे जाऊन आलायत, फक्त तो वाडा आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. समाधी मंदिर म्हणजे नागपूरच्या गोपाळराव मुकुंद बुट्टींचा दगडी वाडा. त्या जागी आधी बाबांनी लावलेली फुलझाडं होती. साईसच्चरितात वर्णन आहे की वामन तात्या नावाचा माणूस रोज दोन कच्चे घडे द्यायचा आणि बाबा त्यांनी झाडांना पाणी घालायचे, घडे संध्याकाळी फुटायचे. पुढे त्या जागेवर बुट्टींनी बांधकाम काढलं. राहायला घर आणि मध्ये मुरलीधराचं मंदिर असा बेत होता. मूर्ती बसायच्या आधी 15 ऑक्टोबर 1918 ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबा गेले.

आणि मग दफन कुठे करायचं यावर गावात दोन मतं पडली. काही मुसलमान भक्तांचं म्हणणं होतं मोकळ्या जागेत करावं, बाकीचे म्हणाले वाड्यात. देह दीड दिवस तसाच होता. कोपरगावचे मामलेदार आले, लोकांच्या सह्या घेतल्या गेल्या आणि बहुमत वाड्याच्या बाजूने निघालं. म्हणजे भारतातल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या जागांपैकी एक जागा कुठे असेल, हे गावातल्या सह्यांवर ठरलं. आणि एका खाजगी माणसाचं घर, त्याने एक दिवसही न राहता, सगळ्यांचं झालं. 1922 मध्ये अहमदनगरच्या जिल्हा कोर्टाने संस्थानच्या कारभाराची योजना मंजूर केली. 1954 मध्ये बाळाजी तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसली, जी आपण आज पाहतो.

साठे वाड्याचं काय झालं? तो साठ्यांकडून नवलकरांकडे गेला, तिथून संस्थानकडे. आज तो उभा नाही. कडुनिंब आहे, गुरुस्थान आहे, वाडा नाही. लेंडीबागेची जागाही अशीच, मुंबईच्या प्रधानांनी विकत घेतली आणि पुढे संस्थानला आली. एकेक करून गावातली घरं, अंगणं, बागा एकाच खातेदाराकडे जात राहिल्या. हे कोणी कट करून केलं असं नाही. गर्दी वाढली, जागा लागली, ज्याच्याकडे होती त्याने दिली किंवा विकली.

मंदिराच्या आसपास अजून एक-दोन घरं आहेत जी जुनी माणसं घर म्हणून दाखवतात. त्यातलं एक लक्ष्मीबाई शिंदे यांचं. बाबांनी शेवटच्या वेळी त्यांना नऊ नाणी दिली, ती त्यांच्या घरी जपलेली आहेत. साठे, दीक्षित, बुट्टी, प्रधान, नवलकर, सगळे बाहेरचे, सगळे पुरुष, सगळे पैसेवाले. आणि या यादीत गावातल्या एका बाईच्या नावाने ओळखलं जाणारं हे एक घर. हे मी लक्षात ठेवलं, कारण नंतर फाईलमध्ये जे दिसलं त्याने ते परत आठवलं.

आता गावाबाहेर येऊ. नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज हॉटेलं आहेत, पण माझ्या लहानपणापर्यंत रस्त्यावरून पेरूच्या बागा दिसायच्या. राहात्याचा पेरू खाल्ला नसेल तर तुमच्या आयुष्यात काहीतरी कमी आहे. हा भाग मुळात अवर्षणाचा. इंग्रजांच्या काळात दारणा धरण झालं आणि नांदूर मध्यमेश्वरहून गोदावरीचे कालवे आले, तेव्हा इथे बागायत सुरू झाली. मग ऊस, मग साखर कारखाने. 1950 च्या सुमाराला प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला, शिर्डीपासून फार लांब नाही. त्या काळात कालव्याच्या पाण्याची एक एकर म्हणजे पोरीच्या लग्नाची सोय. जमीन विकणं म्हणजे नामुष्की.

हे बदललं कधी? एकच तारीख सांगता येत नाही. 1977 ला "शिर्डी के साईबाबा" सिनेमा आला, गर्दी देशभरातून यायला लागली. गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या दिवसांत गावातली घरं भाड्याने जायची. आमचंही जायचं. आजी ओसरीवर चटया टाकायची, आतली खोली आंध्रातून आलेल्या कुटुंबाला द्यायची आणि आम्ही सगळे चुलीजवळ झोपायचो, असं आत्या सांगते. अंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे. ही शिर्डीची खरी हॉटेल इंडस्ट्री होती आणि ती बायका चालवायच्या. मग अटॅच्ड बाथरूमवाले लॉज आले आणि ओसरीवर कोणी झोपेना. घर ठेवण्यापेक्षा विकणं बरं झालं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2009 ला साईनगर शिर्डी रेल्वे स्टेशन, 1 ऑक्टोबर 2017 ला काकडीला विमानतळ, 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा. 2011 च्या जनगणनेत शिर्डीची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती. म्हणजे मोठं गावच. पण जमिनीचे भाव 36 हजार लोकांच्या गावाचे नाहीत, कारण भाव इथे राहणाऱ्याच्या खिशावर ठरत नाही, येणाऱ्याच्या खिशावर ठरतो. पेरूची बाग एकरात मोजतात. बाग तुटली की तीच जमीन गुंठ्यात मोजतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, 1,089 चौरस फुटांचा गुंठा. आणि बिल्डर आला की चौरस फुटात. मोजायचं माप जेवढं लहान होत जातं तेवढी रक्कम मोठी होत जाते.

तर आपलं रो-हाऊस. फाईलमधल्या गोष्टी उलट्या क्रमाने अशा होत्या. आत्ताचा विकणारा नाशिकचा, त्याने गुंतवणूक म्हणून घेतलेलं, एक दिवसही राहिलेला नाही. त्याच्या आधी एक मुंबईचं कुटुंब. त्याच्या आधी बिल्डर. त्याच्या आधी बिनशेती आदेश आणि ले-आऊट. त्याच्या आधी एका व्यापाऱ्याचं खरेदीखत. त्याच्या आधी दोन भावांची वाटणी. इथपर्यंत सगळं साफ. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट पण इथेच थांबत होता, "टायटल क्लिअर अँड मार्केटेबल" असा शिक्का मारून.

मी अजून दोन फेरफार मागे गेलो. फक्त उत्सुकता म्हणून, खोटं कशाला बोलू. मूळ शेतकरी वारल्यावर वारस नोंद झाली होती: बायको, दोन मुलं, तीन मुली. सहा नावं. त्यानंतर नव्वदच्या दशकातला एक फेरफार, चार ओळींचा. तिन्ही बहिणींनी आपला हक्क भावांच्या लाभात सोडला, "वर्दीवरून नोंद". तीन नावांना कंस.

वर्दी म्हणजे तलाठ्याकडे दिलेला अर्ज किंवा खबर. (तलाठ्याला 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोणी म्हणत नाही.) हक्कसोडपत्राचा दस्त नंबर त्या फेरफारात नव्हता. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवलेला लागतो, नुसत्या अर्जावर मालकी जात नाही. आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावरून मालकीचं अनुमान निघतं, मालकी सिद्ध होत नाही. म्हणजे कंस पडला तरी त्या तीन बहिणींचा हक्क कागदावरून गेला, कायद्याने गेला असं म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "असे फेरफार गावोगाव आहेत. नव्याण्णव वेळा काही होत नाही. शंभराव्या वेळी बहिणीचा नातू दावा टाकतो." मग त्याने दोन मार्ग सांगितले. एक तर बहिणींकडून, किंवा त्या नसतील तर त्यांच्या वारसांकडून, आता नोंदणीकृत दस्त करून घ्यायचा. नाही तर सोडून द्यायचं.

एजंट हसला. "दादा, पस्तीस वर्षं झाली. त्या म्हाताऱ्यांना आठवत पण नसेल."

रविवारी आत्याकडे गेलो होतो. चहा घेताना सहज विचारलं, आत्या, आपलं शिर्डीतलं घर विकलं तेव्हा तू सही केली होतीस का? पप्पा समोरच बसले होते. आत्या म्हणाली, "केली की. राहात्याला नेलं होतं गाडीनं. वाचून नाही दाखवलं, पण मला माहीत होतं काय आहे ते. साडी घेतली अन् जेवायला हॉटेलात नेलं." मी विचारलं, तुझा हिस्सा होता माहीत होतं? म्हणाली, "माहीत होतं. मागितला असता तर माहेर गेलं असतं. अन् तुझ्या बापाला तेव्हा खरंच गरज होती."

पप्पा काही बोलले नाहीत. चहा संपवला.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारणारच. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. 2005 मध्ये केंद्राने कायदा बदलला, लग्न झालं असो वा नसो. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, 2005 ला वडील जिवंत असण्याची अट नाही. आणि बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी 1956 पासूनच वारस आहे. म्हणजे त्या फेरफारातल्या तीन बहिणी काही नव्या कायद्यामुळे हक्कदार झालेल्या नव्हत्या. त्यांची नावं वारस नोंदीत आधीच होती. तलाठ्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती.

तुम्ही घर घेणार असाल तर एवढं करा. सर्च रिपोर्ट तीस वर्षांवर थांबला तरी तुम्ही वारस नोंद सापडेपर्यंत मागे जा. ज्या ज्या नावाला कंस आहे त्याच्या शेजारी फेरफार नंबर असतो, तो फेरफार काढून वाचा, त्यात दस्त क्रमांक आहे का बघा. जुने फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. पन्नासच्या आधीचे बरेच मोडीत असतात, तेव्हा वाचणारा शोधावा लागतो. गावठाणातलं घर असेल तर सातबारा नसतोच, मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ बघावा लागतो, आणि तो तर मालकीपेक्षा घरपट्टीसाठीच असतो.

आमचं काय ठरलं? पप्पांनी स्वतः एजंटला सांगितलं की बहिणींचा दस्त झाल्याशिवाय टोकन नाही. विकणारा म्हणाला, बघतो. तीनपैकी दोघी हयात आहेत, एक कोपरगावला, एक वैजापूरला, तिसरीची मुलं सुरतेला. त्याला तीन महिने झाले. मधल्या काळात ते रो-हाऊस दुसऱ्या कोणी बघून गेलं आणि त्यांनी फाईल उघडली नाही, असं एजंट सांगतो. खरं असेल, किंवा आमच्यावर प्रेशर टाकत असेल.

गेल्या गुरुवारी पप्पा आणि आत्या दोघं दर्शनाला गेले होते. येताना मागच्या बोळातून आले. आत्याने लॉजच्या रिसेप्शनवर जाऊन रूमचं भाडं विचारलं आणि मला फोन करून सांगितलं. आमची चूल जिथे होती, तिथे आता लिफ्ट आहे म्हणे.

पुढच्या एपिसोडला दौंड-मनमाड लाईनवर बोलू. तुमच्या घरच्या फेरफारात कंसात कोण आहे ते बघून कळवा.